वाढत्या अंगाचा परकर

शाळा सुरू व्हायच्या आधीचा आठवडा. शिरोळ, जयसिंगपूर, कुरुंदवाड, कोणत्याही पेठेत जा, दुकानाच्या पायरीवर एखादी आई मुलीच्या कमरेला गणवेशाचा स्कर्ट लावून बघत असते, आणि दुकानदार न विचारताच सांगतो, "वाढत्या अंगाचा घ्या हो, वहिनी." वहिनी घेतातही. त्यांचा हिशेब चुकीचा नाही. दहा-बारा वर्षांची मुलगी एका वर्षात दोन-तीन इंच सहज उंच होते, आणि दरवर्षी नवे कापड घेणे सगळ्यांनाच झेपते असे नाही. पण घरी आल्यावर तो स्कर्ट पोरीच्या पोटऱ्यांवर लोळू लागतो. जिना चढताना पायात येतो. सायकलवरून शाळेला जाणारी असेल तर साखळीत अडकतो, आणि मग गुडघे फुटतात. म्हणून कपडा मोठा घ्यावा, पण तसाच घालायला देऊ नये. तो आखूड कसा करायचा, आणि मुख्य म्हणजे पुन्हा लांब करता येईल असा आखूड कसा करायचा, हे आज तुम्हांला सांगायचे आहे.

पहिली गोष्ट ही की कात्री बाजूला ठेवा. दुसरी, कपडा आधी भिजवा. नवे सुती कापड पहिल्या धुण्याला आटते. आधी आखूड केलात आणि मग धुतलात तर पस्तावाल. रात्रभर पाण्यात ठेवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच माप घ्या. घेरदार, उरेब कापलेला परकर असेल तर तो एक दिवस खुंटीला टांगून ठेवा. उरेब कापड आपल्याच वजनाने खाली ओढले जाते, आणि तेही सगळीकडे सारखे नाही.

माप कमरेकडून खाली घेण्याची आपल्याला सवय आहे. ती इथे सोडावी. कुणाची कंबर एका बाजूला उचललेली असते, कुणाचे पोट पुढे असते. वरून मोजलेला परकर खाली वाकडा दिसतो. मुलीला अनवाणी, सपाट फरशीवर सरळ उभी करा. तिने खाली वाकून बघायचे नाही. शाळेतली लाकडी फूटपट्टी जमिनीवर उभी धरा आणि जिथे कडा हवी तिथे खडूची खूण करा. मुलीला फिरवू नका, तुम्हीच तिच्याभोवती फिरा. आठ-दहा खुणा झाल्या की जमिनीपासून सगळीकडे सारखे अंतर मिळते.

आता कपडा कोणता ते बघू. साधा, बिनकाठाचा असेल तर काम सोपे आहे. खालची मुडप उसवायची, जास्तीचे कापड आत दुमडायचे आणि हाताने टाके घालायचे. तीन इंच आत गेले तरी हरकत नाही. उलट खालची कडा जड झाल्यामुळे परकर वाऱ्याने उडत नाही. मात्र घेर फार असेल तर खालची कडा वरच्यापेक्षा लांब असते आणि दुमडल्यावर आत झोळ येतो. तिथे धावदोरा घालून तो थोडा ओढून घ्यावा, म्हणजे झोळ बसतो.

खरी अडचण काठाच्या परकराची. आईच्या जुन्या इरकलीचा किंवा सुती लुगड्याचा परकर शिवण्याची आपल्याकडची रीत तुम्हांला माहीत आहेच. लुगड्याचे काठ मागावरच दोन्ही कडांना, लांबीच्या दिशेने विणलेले असतात. परकर शिवताना लुगड्याचा पन्हा, म्हणजे साधारण पंचेचाळीस इंच, ही परकराची उंची होते आणि काठ आपोआप पायाशी येतो. त्या कडेला मुडप लागतच नाही, कारण मागाने ती आधीच बांधून दिलेली असते. आता मुलीला हवी तीस इंच उंची. खालून दुमडावे तर काठ आत जातो. मग काठाचा परकर शिवला तरी कशाला?

हेच कोडे पार स्कॉटलंडातही आहे. तिथले पुरुष सणासमारंभाला चौकड्यांच्या लोकरी कापडाचा, मागे चुण्या घातलेला किल्ट नावाचा घागरा नेसतात. पुऱ्या मापाच्या किल्टला सुमारे आठ वार कापड लागते. आपल्या नऊवारीच्या जवळपासच म्हणा की! त्याचीही खालची कडा मागावरची, बिनमुडपीची. तो लांब झाला तर जाणते कारागीर खालून दुमडत नाहीत. दुमडलेल्या कडेमुळे चुण्या जाड होतात आणि सरळ पडत नाहीत. ते कमरेकडची पट्टी उसवतात आणि वरून कमी करतात. आपल्या आज्यांनीही तेच केले, स्कॉटलंडचे नाव न ऐकता.

वरून कमी करायचे तर नेफा उसवायचा, जास्तीचे कापड आत मुडपून नवा नेफा करायचा आणि नाडी ओवायची. पंधरा इंच मात्र नेफ्यात मावणार नाहीत. कमरेला गाठोडे होईल. उरलेल्या कापडासाठी टक घालतात. काठाच्या वर कापडाची आडवी घडी घालायची आणि घडीच्या मुळाशी टीप मारायची. इथे हिशेब चुकतो, म्हणून शिक्षकमंडळींनी हे गणित फळ्यावर मांडायला हरकत नाही: घडी एक इंचाची, तर उंची दोन इंचांनी कमी होते, कारण घडीत कापड दुहेरी जाते. सहा इंच कमी करायचे असतील तर एकेक इंचाचे तीन टक घाला; तीन इंचाचा एकच टक घालू नका. तीन टक एकावर एक नक्षीसारखे दिसतात, आणि दरवर्षी एक सोडता येतो. घडीचे तोंड खाली ठेवा, नाहीतर तिच्यात धूळ साठते. टीप यंत्रावर मारणार असाल तर टाका मोठा ठेवा, म्हणजे उसवताना कापड फाटत नाही.

शिवणकामात या राखून ठेवलेल्या कापडाला 'माया' म्हणतात. ज्याने हा शब्द पहिल्यांदा वापरला त्याला कापड आणि माणूस दोन्ही कळत असावेत.

राहिला गणवेशाचा चुण्यांचा स्कर्ट. शिंपी त्यांना प्लेटी म्हणतात. टेरिकॉटच्या प्लेटी उष्णतेने बसवलेल्या असतात. दोन इंचांपर्यंत कमी करायचे असेल तर खालून मुडपा, पण प्रत्येक प्लेट मिटून, ओले फडके ठेवून कडक इस्त्री करा. त्याहून जास्त असेल तर वरूनच कमी करावे लागते, आणि तिथे एक गुपित आहे. स्कर्ट कमरेशी अरुंद आणि खाली रुंद असतो. वरचे तीन इंच काढले की नवी कंबर रुंद जागी येते. समजा, मुलीची कंबर चोवीस इंच आणि नव्या जागी स्कर्ट भरतो सत्तावीस. वरचे तीन इंच कुठे घालवायचे? बाजूला एकदम शिवून टाकले तर तिथल्या प्लेटी वाकड्या होतात. प्लेटी चोवीस असतील तर प्रत्येकीची दिसणारी रुंदी एक सूत कमी करा. एक इंचात आठ सूत. चोवीस सूत म्हणजे बरोबर तीन इंच. एक सुताचा फरक डोळ्यांना दिसत नाही. आधी कच्चा दोरा घाला, मुलीला नेसवून बघा, मग पक्की शिलाई.

हे सगळे फक्त गणवेशापुरते नाही. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेचा महापूर आला, तेव्हा आपल्या तालुक्यातल्या गावागावांत मदतीचे कपडे आले. देणाऱ्यांनी मनापासून दिले, पण देणाऱ्याला घेणाऱ्याचे माप कुठे ठाऊक असते? मोठ्या बायकांचे परकर, झगे लहान मुलींच्या वाट्याला येतात. असा कपडा नुसता लांब म्हणून कोपऱ्यात पडू नये. सुई, दोरा आणि तासभर वेळ एवढ्यात तो अंगाला येतो. चार घरांत मिळून एक शिवणयंत्र असले तरी पुरते, आणि नसले तरी धावदोरा हातानेच घालायचा असतो.

टक सोडताना मात्र घाई नको. टाके एकेक करून कापा, दोरा ओढू नका. जुन्या घडीची रेघ उरते. ओले फडके ठेवून इस्त्री करा, बरीच जाते. रंगीत कापडावर घडीच्या आतला रंग गडद राहिलेला दिसेल. त्यावर रेघेच्या लांबीची एक फीत शिवून टाका. मुली ती फीत कौतुकाने मिरवतात, असे मी घरी पाहिले आहे. आणि सायकल चालवणाऱ्या मुलीचा टक सोडण्याआधी तिला सायकलवर बसवून एकदा पायडल मारायला सांगा. उभ्याने घेतलेले माप बसल्यावर बदलते.