पाल कुठं टाकायचं?

मैत्रिणींनो, दिवाळी सरली की आपल्या बुलडाणा जिल्ह्यात धनगरांचे वाडे दिसू लागतात. घोड्यांवर संसार, मागे मेंढ्या. परवा चिखलीच्या वाटेवर अशाच एका वाड्यावर थांबले. चूल पेटवणाऱ्या बाईला विचारलं, ''मुक्कामाची जागा कशी शोधता हो?''

ती हसली. ''ताई, पानी जवळ पायजे, पण अगदी काठाला नको, रात्री जनावरं येत्यात. जमीन उंचवट्याची बघायची. आन् बाईमाणसाला आडोसा पायजे. त्योच मिळंना आता.''

मी गप्पच झाले.

रिकाम्या शेतात मेंढ्या बसवल्या की शेतकऱ्याला खत मिळतं, यांना धान्य किंवा पैसे. पण पीक उभं असलं की आधार गायरानाचाच. तेच अतिक्रमणांनी आक्रसत चाललंय. गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं आहे. २०२१ मध्ये राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकांवरच्या घरातून हिंडणाऱ्या हौशी पर्यटकांसाठी पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेले तळ त्यात आहेत. छानच! पण पिढ्यान् पिढ्या पालात राहणारीचं काय?

आपण एवढं तरी करू या. वाडा उतरला की हाकलायचं नाही. हापशी दाखवायची, शौचालयाची किल्ली द्यायची, लेकरांना अंगणवाडीत न्यायचं. आणि ग्रामसभेत गायरानाचा विषय आपणच काढायचा. काढाल ना?