बदललेल्या मेमरी पेजची नोंद आणि कर्नलच्या कोडचे परीक्षण

प्रस्तावना :
ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल होय. कर्नल मेमरीचे व्यवस्थापन 'पेज' या एककात करतो. इंटेल प्रोसेसरवर एक पेज सामान्यतः ४०९६ बाइटचे असते. फाइलमधील मजकूर पेजमध्ये आणून त्यात बदल केल्यास तो बदल काही काळ केवळ मेमरीतच राहतो. अशा पेजला 'डर्टी पेज' असे म्हणतात. ही नोंद हरवल्यास बदल डिस्कवर पोहोचत नाही आणि वापरकर्त्याची माहिती नष्ट होते.

नोंदींचे स्वरूप :
एकाच पेजच्या बदलाची नोंद तीन ठिकाणी असू शकते.
(१) पेज टेबलमधील खूण. ही प्रोसेसर स्वतः लावतो.
(२) कर्नलने संपूर्ण पेजवर लावलेली खूण.
(३) फाइल सिस्टीमने पेजमधील प्रत्येक ब्लॉकवर लावलेली खूण.
या तिन्ही खुणा एकाच क्षणी बदलत नाहीत. धोका नेमका येथेच संभवतो.

२००६ मधील उदाहरण :
नोव्हेंबर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स २.६.१९ या आवृत्तीत सामायिक फाइलींची पेजेस प्रथम लेखनास बंद ठेवण्याची पद्धत आली. पहिले लेखन होताच कर्नलला सूचना मिळून नोंद होऊ लागली. हेतू योग्य होता. परंतु त्यानंतर काही वापरकर्त्यांच्या फाइली बिघडलेल्या आढळल्या.

पेज लिहिण्यास सांगितले की फाइल सिस्टीम ते संपूर्ण लिहिते, असे कर्नलने गृहीत धरले होते. प्रत्यक्षात खूण शिल्लक असलेले ब्लॉकच लिहिले जात. ते ब्लॉक अन्य कारणाने आधीच लिहिले गेले आणि नंतरचा बदल केवळ पेज टेबललाच ठाऊक असला, तर तो बदल हरवत असे. हा दोष जुनाच होता. नव्या पद्धतीमुळे तो अधिक वेळा प्रकट झाला. डिसेंबर २००६ मध्ये लिनस टोर्वाल्ड्स यांनी दुरुस्ती केली. लेखनापूर्वी पेज टेबलमधील खूण काढावी आणि ती आढळल्यास संपूर्ण पेज पुन्हा 'डर्टी' ठरवावे, असा क्रम निश्चित झाला.

परीक्षकाची दृष्टी :
अशा कोडचे परीक्षण करताना पुढील प्रश्न विचारणे आवश्यक आहे.
(१) एक खूण काढणे व दुसरी लावणे यांच्या दरम्यान कोण लेखन करू शकतो?
(२) खूण आधी काढली जाते की लेखन आधी होते?
(३) दुसऱ्या विभागाच्या वर्तनाविषयी कोणते गृहीतक धरले आहे?

निष्कर्ष :
असे दोष क्षणांच्या जुळणीवर अवलंबून असल्याने चाचणीत सहसा सापडत नाहीत. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे अचूक असूनही क्रम चुकीचा असू शकतो. म्हणून विद्यार्थ्यांना कोड लिहिण्याबरोबरच इतरांचा कोड साक्षेपाने वाचण्याचे शिक्षण देणेही तितकेच आवश्यक आहे.