चित्रपट कामगार संघटनेचे सदस्यत्व

चित्रपट व दूरचित्रवाणी कामगार संघटनेचे सदस्यत्व (व्यवसायातील प्रचलित शब्द : कार्ड) म्हणजे पडद्यामागे काम करणाऱ्या व्यक्तीची आपापल्या कामाच्या संघटनेकडे झालेली नोंदणी होय. महाराष्ट्रात अशा संघटना मुख्यतः मुंबईत असून नेपथ्य, रंगभूषा, साहसदृश्ये, नृत्य अशा कामांनुसार त्या वेगवेगळ्या आहेत. फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइज हा त्यांचा महासंघ आहे. कोल्हापूरच्या अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळात निर्मातेही सभासद असतात. त्यामुळे त्यास निव्वळ कामगार संघटना म्हणता येत नाही.

महत्त्व

चित्रीकरणाचे काम बहुधा पाळीवर (शिफ्ट) मिळते, प्रत्येक चित्रपटागणिक मालक बदलतो आणि चित्रपट पूर्ण झाला की कामाचे ठिकाणही उरत नाही. थकलेली मजुरी एकट्या कामगाराला वसूल करता येणे अवघड असते. ऑक्टोबर २००८ मध्ये महासंघाने पुकारलेल्या संपामागे थकीत मजुरी आणि बिगरसदस्यांना दिले जाणारे काम ही प्रमुख कारणे होती. यातील दुसरी मागणी सदस्यांचे संरक्षण करते, तशी नवख्याची वाटही अडवते.

प्रवेशाचे वाद

मुंबईतील रंगभूषाकारांच्या संघटनेत स्त्रियांना केशभूषाकार म्हणून प्रवेश मिळे, रंगभूषाकार म्हणून नाही. शिवाय महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्याची अट होती. चारू खुराना यांच्या याचिकेवर १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दोन्ही बंधने घटनाबाह्य ठरवली. निर्माते विपुल शाह यांच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०१७ मध्ये केवळ सदस्यांनाच काम देण्याची सक्ती स्पर्धाविरोधी ठरवली.

वऱ्हाडातील स्थिती

अमरावती हे चित्रपट व्यवसायातील 'सीपी-बेरार' या वितरण क्षेत्राचे केंद्र राहिले आहे. मात्र येथे वाढला तो वितरणाचा व प्रदर्शनाचा व्यवसाय, निर्मितीचा नव्हे. भुसावळची सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन ही वितरक व प्रदर्शकांची, म्हणजे व्यावसायिकांची, संस्था आहे. अमरावती-अकोल्याच्या कामगाराला वास्तव्याची अट अडचणीची नव्हती; त्याची अडचण मुंबईच्या अंतराची आहे.

कार्ड नसले तरी कायद्याचे संरक्षण संपत नाही. सिने कामगार व चित्रपटगृह कामगार (सेवा नियमन) अधिनियम, १९८१ मध्ये कंत्राटदारामार्फत घेतलेला कामगारही गणला जाई. ठरावीक मेहनतान्याच्या मर्यादेतील अशा कामगाराशी लेखी करार करणे निर्मात्यावर बंधनकारक होते. वऱ्हाडात अधिक उपयोगी पडावी अशी याच कायद्यातील तरतूद चित्रपटगृहांची : पाच किंवा अधिक कामगार असलेल्या चित्रपटगृहातील ऑपरेटर, द्वारपाल आदींना भविष्यनिर्वाह निधी व उपदान लागू झाले. दूरचित्रवाणी मालिका मात्र या कायद्याबाहेर राहिल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मधील 'दृकश्राव्य कामगार' या संज्ञेत मालिका, जाहिराती व वेब मालिकांवर काम करणारेही येतात.

मुंबईच्या संघटनेतच जावे, असे बंधन नाही. किमान सात कामगार स्थानिक संघटनेच्या नोंदणीसाठी अर्ज करू शकतात. मात्र संबंधित आस्थापनेतील वा उद्योगातील १० टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके, सदस्य असावे लागतात.