विसर्गाचा दिवस

पहाटे ५.३० : एकतानगरी, सिंहगड रस्ता, पुणे. चहाचं आधण ठेवण्याआधी मी खडकवासला धरणाचा विसर्ग बघते. पानशेत, वरसगाव, टेमघरचं पाणी शेवटी याच लहान धरणात येतं. ते भरलं की दारं उघडावीच लागतात, आणि पाणी नदीतून आमच्याकडे येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. २५ जुलै २०२४ ला विसर्ग सुमारे ३५ हजारांवर गेला. त्या पहाटे जाग आली तेव्हा पार्किंग बुडालेलं होतं. आज आकडा चढतोय, पण हाताशी काही तास आहेत.

६.३० : पहिलं दार वॉचमनकाकांचं, कारण त्यांची खोली पार्किंगमध्येच आहे. "काका, आधी पोरांना वर आणा. सामान आम्ही सगळे मिळून आणू." गाड्या चढावर न्यायच्या त्यानंतर.

८.०० : गच्चीवरची टाकी भरून पंप बंद. लिफ्ट वर नेऊन बंद. मीटरचा मेन स्विच जमीन कोरडी असतानाच पाडला. पाणी शिरल्यावर तिकडे कुणीच जायचं नाही. २०२४ च्या त्याच पहाटे डेक्कनच्या पुलाची वाडी भागात हातगाडी हलवताना तिघे विजेच्या धक्क्यानं गेले.

१०.०० : तळमजल्यावरच्या आजींना खुर्चीसकट तिसऱ्या मजल्यावर नेलं. त्यांची औषधं, आधारकार्ड, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत. सिलिंडरही वर.

दुपारी १.०० : नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला. लेक म्हणाला, "आई, नुसतं बघून येतो." नाही म्हटलं. गुडघाभर वाहतं पाणीही पाय उचलतं, आणि गढूळ पाण्याखाली उघडं चेंबर दिसत नाही.

४.०० : अरण्येश्वरहून बहिणीचा फोन. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा त्यांच्या वस्तीत घुसला होता. ओढ्याला ना दारं, ना विसर्गाचा संदेश. मी म्हटलं, "ताई, ओढा येतो त्या कात्रजकडे पाऊस धरला की वाट बघू नकोस, वर जा."

रात्री ९.०० : पाणी फाटकाशी थांबलंय. उतरल्यावरही बूट घातल्याशिवाय चिखलात कुणी उतरणार नाही. पायाच्या जखमेतून लेप्टो होतो. वायरमननं तपासल्याशिवाय स्विच वर नाही.

११.०० : पार्किंगच्या भिंतीवर २०२४ च्या पाण्याची रेघ आम्ही लाल रंगानं आखून ठेवली आहे. तिच्याखाली आज कुणीच झोपलेलं नाही. दोनपर्यंत पहारा माझा. नंतर वॉचमनकाकांना उठवायचं.