गावाच्या खुणांची नोंदवही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आपल्या जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचं एक ओसाड गाव आहे. १९७४ साली तिथं एका शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या. दोन बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. चारींचं वजन मिळून ६० किलोंहून अधिक. आज भारताच्या प्राचीन कलेवर पुस्तक निघालं की त्यात या रथाचं चित्र असतंच. आपल्या जिल्ह्याला याचा अभिमान आहे, आणि तो असावाच.

पण या गोष्टीतला एक भाग फारसा सांगितला जात नाही. या वस्तू सापडल्या त्याच्या १६ वर्षं आधी, १९५८ साली, बी. पी. बोपर्डीकर यांनी दायमाबादचं हे प्राचीन स्थळ शोधून काढलं होतं. लगेच १९५८-५९ मध्ये म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली तिथं उत्खननही झालं. त्यामुळं १९७४ साली काशाच्या वस्तू वर आल्या, तेव्हा त्या कुठल्या जमिनीतून आल्या हे अभ्यासकांना ठाऊक होतं. त्या स्थळाला आधीच एक पत्ता होता. पुढं एस. आर. राव आणि मग १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांनी तिथं उत्खनन केलं. एकावर एक अशा पाच संस्कृतींचे थर उलगडले आणि त्यांत उत्तर हडप्पा काळातल्या वस्तीचाही थर निघाला. सिंधू संस्कृतीचा धागा प्रवरेपर्यंत पोचला होता, हे त्यातून कळलं.

दुसरी बाजूही पाहा. त्या चार वस्तू मात्र उत्खननात मिळाल्या नाहीत. त्या नेमक्या कोणत्या थरात होत्या, शेजारी काय होतं, याची नोंद होण्याआधीच त्या जमिनीबाहेर आल्या. म्हणून त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद राहिले. नोंदीचं मोल काय आणि नोंद नसल्याची किंमत काय, हे दोन्ही एकाच दायमाबादनं आपल्याला शिकवलं.

मी पुरातत्त्वाचा पदवीधर नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. जुन्या वास्तू पाहण्याचा नाद मात्र लहानपणापासून. हिंडता हिंडता एक गोष्ट मनात पक्की झाली. आपल्याकडं ऐतिहासिक स्थळांच्या याद्या पुष्कळ झाल्या, पण एखाद्या जिल्ह्याची नोंद सतत चालू ठेवावी लागते, हे आपण ध्यानात घेतलं नाही. यादी एकदा छापली की संपते. नोंद घरातल्या जमाखर्चाच्या वहीसारखी असते. रोज लिहिली तरच ती खरी.

यादी करणाऱ्यांचे उपकार आहेतच. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अहमदनगरचा खंड निघाला. १८८५ मध्ये जेम्स बर्जेस यांनी इलाख्यातल्या प्राचीन अवशेषांची यादी प्रसिद्ध केली आणि १८९७ मध्ये हेन्री कझिन्स यांनी ती सुधारून काढली. स्वातंत्र्यानंतर १९७६ मध्ये महाराष्ट्र शासनानं जिल्ह्याचं गॅझेटियर नव्यानं काढलं. आजही कुणी अभ्यास करायला बसला, तर त्याला इथूनच सुरुवात करावी लागते.

पण या याद्या हातात घेऊन गावात जा म्हणजे अडचण कळते. जुनी नोंद म्हणते, गावाच्या उत्तरेला अर्ध्या मैलावर पडकं देऊळ. गाव आता दोन मैल पसरलेलं असतं. कुठं सर्व्हे नंबर दिलेला असतो. जमिनीचं एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबराच्या जागी गट नंबर आले. तालुक्यांच्या हद्दी बदलल्या. धरणं झाली. जायकवाडीच्या फुगवट्यात शेवगाव-नेवासे भागातली जमीन गेली, गावं उठली. गाव उठलं की त्याच्या वेशीतला दगड कुठं होता हे सांगणारा माणूसही उठतो.

कुणी म्हणेल, सरकारनं संरक्षित केलेली स्मारकं तरी सुरक्षित असतील ना? केंद्राचा १९५८ चा कायदा आहे, राज्याचा १९६० चा आहे. केंद्राच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढं २०० मीटरपर्यंत परवानगीचं बंधन आहे. तरीसुद्धा डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं संसदीय समितीला सांगितलं, की देशातल्या ३,६९३ संरक्षित स्मारकांपैकी ५० स्मारकं नाहीशी झाली आहेत. १४ वाढत्या शहरांनी गिळली, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली, आणि २४ स्मारकांचा ठावठिकाणाच लागत नाही. ज्यांची सरकारी कागदावर नोंद होती त्यांची ही अवस्था. ज्यांची नोंदच नाही ती किती गेली, हे कोण सांगणार? हरवलं हे कळायलासुद्धा आधी ती वस्तू होती, हे लिहिलेलं असावं लागतं.

आता नोंद कशाची करायची? आपल्याला स्मारक म्हटलं की घुमट किंवा शिखर दिसतं. रतनवाडीचं अमृतेश्वर, टाकळी ढोकेश्वरची लेणी, भुईकोट किल्ला, फराहबाग ही नावं सगळ्यांना माहीत असतात. पण जिल्ह्याचा सर्वांत जुना इतिहास मातीच्या टेकाडांत आहे. आपले जुने लोक जमिनीचे दोन भाग करत, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, त्यांची राख आणि माती साचून पांढरीचं टेकाड होतं. नेवाशाची लाडमोड टेकडी अशीच. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवाशाला उत्खनन केलं, तेव्हा अश्मयुगापासून पुढच्या काळापर्यंतचा माग लागला. तिथल्या दगडी हत्यारांवरून एका अश्मयुगीन परंपरेला नेवाशाचं नाव मिळालं. संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याला १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं आणि तांबूस खापरावर काळ्या रंगाची नक्षी काढणाऱ्या त्या लोकांच्या संस्कृतीला साऱ्या जगात जोर्वे संस्कृती म्हणतात.

आणि ही पांढरी माती आपण काय करतो? शेतात टाकतो. ती कसदार असते, म्हणून ट्रॉल्या भरभरून नेली जाते. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ते टेकाड म्हणजे तीन हजार वर्षांचं दप्तर आहे, हे त्याला कुणी सांगितलंय का?

तेच वीरगळांचं. मारुतीच्या पारावर किंवा वेशीजवळ उभे दगड असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गावासाठी, गुरांसाठी लढून मेलेल्या माणसाचं ते स्मारक. शेजारी कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असेल तर ती सतीशिळा. शहरात निजामशाहीतले खापरी नळ आहेत. कापूरवाडी, शहापूर, भिंगार या बाजूंनी शहरात पाणी आणणारी ती व्यवस्था. तिचा मार्ग नकाशावर रेघेनं दाखवावा लागतो, एका ठिपक्यानं भागत नाही. ती रेघ नकाशावर नसली, तर पाया खणताना नळ फुटतो आणि फुटलं ते काय, हेही कुणाला कळत नाही.

काही वर्षांपूर्वी एका खेड्यात एका जुन्या दरवाजावर फारसी लेख पाहिला होता. चार ओळी होत्या, दोन स्पष्ट लागत होत्या. दोन वर्षांनी परत गेलो तर दरवाजाला ऑइलपेंटचे जाड थर बसले होते. गावकऱ्यांनी प्रेमानंच रंगवलं होतं. अशी प्रेमानं झालेली हानी मी देवळांतही पाहिली आहे आणि दर्ग्यांतही. शेंदूर असो नाहीतर हिरवा रंग, दगडावरचं अक्षर दोन्हींच्या खाली सारखंच गुदमरतं. मूळ लेखाचं एक छायाचित्र आणि माप कुठंतरी नोंदलेलं असलं, तर निदान मजकूर तरी वाचतो.

चांगली नोंद कशी असते? स्थळाचं नाव, गाव, तालुका, गट नंबर आणि आता मोबाइलवर सहज मिळणारे अक्षांश-रेखांश. वस्तू काय आहे, कशाची आहे, किती लांब-रुंद आहे. आज कोणत्या स्थितीत आहे. छायाचित्र काढताना शेजारी फूटपट्टी ठेवावी, म्हणजे आकार कळतो. शेवटी कोणी पाहिलं आणि कोणत्या तारखेला पाहिलं. तारीख नसलेली नोंद अर्धीच म्हणायची. आणि एक नियम पक्का: जुनी नोंद खोडायची नाही, तिच्याखाली नवी लिहायची. आधी तीन वीरगळ होते, आता दोन आहेत, हे दोन्ही लिहिलेलं असलं तरच तिसऱ्याची चौकशी होते.

स्वतः पाहिलेलं आणि लोक सांगतात ते, यांचे रकाने वेगळे ठेवायचे. नगरच्या दमडी मशिदीचं उदाहरण घ्या. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी एकेक दमडी देऊन ती बांधली, असं लोक सांगतात. निजामशाहीतल्या साहिर खान या सरदारानं १५६७-६८ च्या सुमारास ती बांधली, असं इतिहास सांगतो. दंतकथा फेकून द्यायची नाही. मजुरांच्या घामाची आठवण लोकांनी चारशे वर्षं जपली, हीसुद्धा नोंदण्यासारखी गोष्ट आहे. फक्त ती तिच्या रकान्यात असावी.

नावांचं तर फारच जपायला हवं. कवी असल्यानं हे मला जास्त जाणवतं. शहा डोंगरावरच्या इमारतीला सारं नगर चांदबिबीचा महाल म्हणतं. प्रत्यक्षात ती निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची कबर. पेडगावच्या किल्ल्याला बहादूरगड म्हणत, आता धर्मवीरगड म्हणतात. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. शंभर वर्षांनी अभ्यासाला येणाऱ्या मुलीला जुन्या कागदांत अहमदनगर सापडेल आणि नव्या कागदांत अहिल्यानगर. जागा एकच, हे तिला नोंदवहीनंच सांगायला हवं. नोंदवहीत सगळी नावं राहतात.

एक धोकाही सांगतो. गुप्तधनाच्या नादानं वीरगळ उपटणारे, गडावर रात्री खणणारे लोक आहेत. म्हणून प्रत्येक स्थळाचा नेमका ठिकाणा जगजाहीर करायचा नसतो. नोंदीचे दोन भाग ठेवावेत, एक सर्वांसाठी खुला आणि दुसरा जबाबदार अधिकाऱ्यांच्या व अभ्यासकांच्या हाती. जमिनीत काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं बंधनकारक आहे, हेही लक्षात असू द्या.

इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात ऑक्सफर्डशायर परगण्यात अशी स्थानिक नोंद सुरू झाली. पुढं तिथल्या परगण्यापरगण्यांत ती पद्धत रुजली. आज तिथं रस्ता किंवा वसाहत बांधण्याचा अर्ज आला, की आधी ही नोंद उघडून पाहतात. यंत्र जमिनीला लागण्याआधी खाली काय आहे ते कळतं. आपल्याकडं २००७ मध्ये स्मारकं आणि पुरावस्तूंच्या नोंदीसाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पण दिल्लीच्या मोहिमेला आपल्या वेशीतला दगड कोण दाखवणार? तो आपणच दाखवायला हवा.

त्यासाठी नमुना आपल्याच हाताशी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी झाडं, पिकं, पशुपक्ष्यांची लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. तिच्या शेजारी गावाच्या वारशाची दुसरी वही ठेवायला काय हरकत आहे? शाळेतल्या मुलांनी लिहावी, इतिहासाच्या शिक्षकांनी तपासावी, ग्रामसभेत वर्षातून एकदा वाचावी. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात आणि एक पुरातत्त्व संचालनालयाकडं. रस्त्याचं, तलावाचं किंवा जीर्णोद्धाराचं काम काढण्याआधी सरपंचांनी ती एकदा उघडावी.

काम मोठं वाटेल, पण सुरुवात शंभर पानी वहीपासून होते. येत्या रविवारी गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, बाबा, आपली जुनी पांढरी कुठं होती? तो हात करेल त्या दिशेनं चालत जा. जे दिसेल ते लिहा, आणि खाली तारीख घाला.