भेग, भंग आणि भ्रंश : कोयना-वारणा खोऱ्यांत भूवेधी रडारचा उपयोग

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सातारा जिल्ह्यातील कोयनानगर परिसरात ६.३ परिमाणाचा भूकंप झाला आणि जमिनीला भेगा पडल्या. १९८५ नंतर सांगली जिल्ह्याच्या सीमेवरील वारणेचा जलाशय भरू लागल्यावर कंपनांचे क्षेत्र दक्षिणेकडेही विस्तारले. त्या भेगा पुढे नांगरटीने व पावसाने बुजल्या. त्यांचा माग कसा काढावा, हा प्रश्न आहे.

मराठीत यासंबंधी ‘प्रस्तरभंग’ व ‘भ्रंश’ हे दोन्ही शब्द रूढ आहेत. पहिल्यात मोडणे अभिप्रेत आहे, तर दुसऱ्याच्या धातूत ढळणे. भूशास्त्राच्या दृष्टीने निर्णायक आहे ते ढळणे. दोन्ही बाजू परस्परसापेक्ष सरकल्या नसतील, तर ती केवळ भेग होय.

हे सरकणे न खणता पाहण्याचे एक साधन म्हणजे भूवेधी रडार. त्यातून जमिनीत रेडिओलहरींचे स्पंद सोडले जातात. जेथे थरांचे विद्युतीय गुणधर्म बदलतात, तेथून लहरींचा काही अंश परततो. लहरीचा वेग नॅनोसेकंदास १० सेंटिमीटर असेल आणि प्रतिध्वनी १०० नॅनोसेकंदांनी आला, तर जाऊन-येऊन अंतर १० मीटर, म्हणजे थराची खोली ५ मीटर. रेषेवर पुढे सरकत असे प्रतिध्वनी नोंदविले की थरांचा छेद उमटतो. त्यात थर एकाएकी तुटून वरखाली झालेला दिसल्यास भ्रंशाचा संशय दृढ होतो.

कोयनेच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. १९६७ चे सरकणे मुख्यतः आडवे होते; आडवे सरकणे एका उभ्या छेदात सहसा स्पष्ट दिसत नाही. म्हणून अनेक समांतर छेद घेऊन, एखादा गाडला गेलेला ओढा आडव्या दिशेने तुटला आहे काय, हे तपासावे लागते. शिवाय ओल्या चिकणमातीत लहरी लवकर विरतात. तेव्हा असे काम कोरड्या ऋतूतच करणे श्रेयस्कर.

भूकंपाचे उगमस्थान काही किलोमीटर खोल असते. तेथे रडारची दृष्टी पोहोचत नाही. त्यासाठीच पाटण तालुक्यातील गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोल वेधनछिद्र घेण्यात आले. रडारचे कार्य मर्यादित, परंतु मोलाचे आहे : चर नेमका कोठे खणावा, हे ते सांगते. चरातील कोळशाच्या कालनिर्णयावरून पूर्वीच्या भूकंपांचा काळ ठरविता येतो. धरणे होण्यापूर्वी येथील भूमी ढळली होती काय, या प्रश्नाचे उत्तर त्या काही मीटर मातीतच शोधावे लागेल.