अंधारात बनलेले एटीपी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके मागे टाकत खोपोलीची लोकल अखेर घाटाच्या पायथ्याशी थांबते. तेथे टाटांचे १९१५ साली सुरू झालेले वीजघर आहे. घाटमाथ्यावरील तलावांत साठलेले पाणी नळांतून खाली येते, चक्रे फिरवते आणि वीज तयार होते. वाटेत बदलापूरला दिसणाऱ्या जांभळाच्या पानातही असेच वीजघर आहे, असे म्हटले तर तुम्हाला ती थट्टा वाटेल.

हरितलवकावर प्रकाश पडला, की एडीपीला फॉस्फेट जोडले जाऊन एटीपी तयार होते, हे आपण वर्गात शिकतो. हरितलवके पानातून वेगळी काढली तरी ती हे काम करतात, हे आर्नन यांनी १९५४ साली दाखवले होते. पण प्रकाश ही जोडणी स्वतः करतो काय? अनेक वर्षे रसायनशास्त्रज्ञ मधला एखादा ऊर्जायुक्त पदार्थ शोधत होते. तो काही सापडेना. १९६१ साली पीटर मिचेल यांनी सुचवले, की असा पदार्थ नाहीच. पातळ पटलाच्या एका बाजूला प्रोटॉनांची गर्दी होते आणि तीच ऊर्जेचा साठा असते. पुष्कळांना हे पटले नाही.

१९६६ साली अमेरिकेत यागेनडॉर्फ व उरिबे यांनी एक सुरेख प्रयोग केला. पालकाची हरितलवके त्यांनी अंधारात आम्लात, ४ सामूच्या द्रावणात, भिजवली. आतील पिशव्यांत आम्ल मुरल्यावर ती एकदम ८ सामूच्या द्रावणात टाकली. त्यात एडीपी व फॉस्फेट होतेच. प्रोटॉन बाहेर धावले आणि प्रकाशाचा किरणही न पडता एटीपी बनले! मी भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस. वनस्पतिशास्त्रातला एवढा निर्णायक प्रयोग मला दुसरा आठवत नाही. मिचेल यांना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा प्रकाशाचे काम तलाव भरण्याचे. त्याच्या ऊर्जेने पाण्याच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात, पटलातून एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि त्या ओघात प्रोटॉन पिशवीत ढकलले जातात. परत येण्याची त्यांची मुख्य वाट एका प्रथिनातून जाते, आणि ते प्रथिन खरोखर चक्रासारखे फिरते. पालकात एका फेऱ्याला १४ प्रोटॉन लागतात व ३ एटीपी मिळतात.

या प्रथिनाला हात न लावताही एटीपी बंद पाडता येते. हरितलवकांच्या द्रावणात अमोनिया घातला, की तो पिशवीत शिरून प्रोटॉन पकडतो. प्रकाश पडत असतो, इलेक्ट्रॉन वाहत असतात, उलट अधिक जोराने. पण तलावच भरत नाही आणि चक्र थांबते.